ऐकती आणि बोलती

ज्या घरात राहून मी बी.ए. झालो, त्या घरात एक रेडिओ होता आणि त्याला सात तोंडं होती.

रेडिओ नानांच्या बैठकीत, भिंतीतल्या देवळीत. तोंडं घरभर. एक स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी, एक माजघरात, एक जिन्याखाली, एक न्हाणीच्या दारावर. एक खालच्या खोलीतले भाडेकरू शेठजी यांच्या गादीच्या वर. एक थेट धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर, पालथ्या पत्र्याच्या डब्याखाली, वाळत घातलेल्या बिबड्या नावाच्या ज्वारीच्या पापडांच्या सोबतीला. आणि सातवं माझ्या माडीवरच्या खोलीत, बरोबर उशीच्या वर. स्पीकरच्या या पेट्यांपैकी एकीलाही आवाज कमीजास्त करायची कळ नव्हती. ती फक्त नानांच्या हाताशी. नाना सकाळी उठत तेव्हा जळगावातलं आमचं घर उठे. घरानं आधी उठायची किंवा नंतर उठायची सोय नव्हती.

नाना म्हणजे आमचे घरमालक. वीस-बावीस वर्षं ते टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. खानदेशातल्या जत्रांतून तंबू हिंडायचा आणि तंबूबरोबर नाना. पुढे मालकानं धंदा बंद केला आणि निरोपाच्या वेळी ‘काय हवं ते घेऊन जा’ म्हणाला. इतरांनी खुर्च्या, सतरंज्या, ताडपत्री नेली. नानांनी स्पीकर नेले, आणि एक माईक. बैलगाडीभर. अक्का, म्हणजे नानांच्या घरच्या, सांगायच्या, “मी दारात भाकरतुकडा घेऊन उभी. म्हटलं माणूस काहीतरी संसाराचं आणत असेल. गाडीतून उतरलं काय, तर कर्णे!”

नानांची भाषा दोन प्रकारची. तोंडासमोर माणूस असला की अहिराणी आणि माईक असला की एकदम ग्रंथातली मराठी. सकाळी पेटीत आधी फूंऽ फूं असा श्वास यायचा, मग प्रश्न, “बठ्ठा बसनात का?” सगळे बसले का, हा तंबूतला जुना प्रश्न. खेळ सुरू करण्याआधी ते तो विचारायचे. आता कोणी न्हाणीत असे, कोणी धाब्यावर, बसलेलं कोणीच नसे, पण प्रश्न चुकत नसे. मग, “सभ्य स्त्रीपुरुषहो, नळास पाणी आलेले आहे. प्रथम शेठजी, तदनंतर विद्यार्थी. विद्यार्थ्याने काल दोन बादल्या अधिक घेतल्याचे निदर्शनास आले आहे.”

विद्यार्थी म्हणजे मी. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून आलो होतो. आमच्या घराण्यात शाईच्या दौतीला पहिला हात लावणारा मीच. गावात रेडिओ एकच, तोही ग्रामपंचायतीत कुलपात. त्यामुळे उशीवर स्वतंत्र पेटी मिळाली याचं पहिले दोन दिवस मला फार अप्रूप वाटलं. तिसऱ्या दिवशी राज्यशास्त्राच्या पुस्तकाचं तेच पान अकराव्यांदा वाचताना ते संपलं. मी स्टुलावर चढलो आणि पेटीमागची वायर उपसून काढली.

एका क्षणात सगळं घर मुकं झालं. शेतकऱ्यांचा कार्यक्रम शेठजींच्या खोलीत थांबला, स्वयंपाकघरातला थांबला, धाब्यावरचा थांबला. पाच मिनिटांत माझ्या दारात चार माणसं उभी. अक्कांच्या हातात पीठ, शेठजींच्या तोंडात दातण, सुमनताई, म्हणजे नानांची एकुलती एक मुलगी, हसू दाबत सगळ्यांच्या मागे. आणि पुढे नाना. माझ्या हातात वायर, म्हणजे मुद्देमालासकट.

मला वाटलं, खोली गेली. पण नानांचा चेहरा उजळलेला.

“दखं? दखं का अक्का? हाई सिरीज शे! एक रुसना का बठ्ठं घर रुसस!”

मग माझ्या हातातून वायर घेत त्यांनी मला समजावलं. स्पीकर जोडायच्या दोन तऱ्हा. एक सिरीज, एकापुढे एक, मारुतीच्या देवळाबाहेर लायनीत उभं राहावं तशी. एक पॅरलल, प्रत्येकाची आपली वेगळी वायर. पॅरलल म्हणजे भाऊ वेगळे निघणं. ज्याची त्याची चूल, एक मेला तर दुसऱ्याला पत्ता नाही. “मन्हा घरमा पॅरलल चालनार नही,” ते म्हणाले. शेठजी दातण काढून म्हणाले, “नानासाब, पॅरलल में आवाज बडी आवे.” नानांनी त्यांच्याकडे धर्म बुडवल्यासारखं पाहिलं.

सातही पेट्या सिरीजमध्ये, त्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला आवाज थोडाथोडा येई. म्हणून नाना रेडिओ पूर्ण पिळून ठेवत. म्हणून तो तापे. म्हणून देवळीत रेडिओमागे एक ओलं फडकं असे आणि ते वेळोवेळी ओलं करणं हे अक्कांच्या दिनक्रमात देवपूजेच्या खालोखाल होतं.

त्या काळी रेडिओला टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे. एकदा तपासणीला आलेला माणूस सात पेट्या पाहून चक्रावला. कोवळा मुलगा होता, वहीत काय लिहावं त्याला कळेना.

“सात रेडिओ आहेत तुमच्याकडे?”

“एक.”

“मग हे?”

“एक गाय शे, सात वासरं शेतस,” नाना म्हणाले. “लायसन गायनं काढेल शे. वासरासनं कोनी काढस का?”

त्यानं वही मिटली. अक्कांनी त्याला शेव आणि चहा दिला. जाताना तो म्हणाला, “पण नाना, नवीन वासरू झालं तर कळवा.” आठवडाभरात नानांनी गोठ्यात आठवं लावलं. कळवलं नाही.

नानांचं सगळ्यात आवडतं काम म्हणजे डाग देणं. वायरीच्या दोन टोकांना राळ लावायची, तापलेल्या डागणीनं, म्हणजे तांब्याच्या टोकाच्या लोखंडी कांडीनं, कथील वितळवायचं आणि चांदीसारखा थेंब जोडावर सोडायचा. हे करताना ते श्वास रोखून धरत. कोणी नुसती वायर पिळून जोडली तर त्यांना ते बिनलग्नाच्या जोडप्यासारखं वाटे. “अब्रूले डाग नको, जोडले पाहिजे,” हे त्यांचं वाक्य मी घरात राहिलो तितक्या वर्षांत किमान शंभरदा ऐकलं.

माझ्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षी त्यांनी नवीन टूम काढली. प्रत्येक पेटीखाली एक खटका बसवला. खटका एका बाजूला केला की पेटी नेहमीसारखी वाजे. दुसऱ्या बाजूला केला की ती पेटी रांगेतून बाजूला निघे, बाकीच्यांचं काही बिघडत नसे, आणि तिची वायर उलटी रेडिओच्या मागे, तबकड्या लावायच्या भोकात जाई. तुम्ही त्या पेटीशी बोललात तर ते इतर सगळ्या पेट्यांतून ऐकू येई, फक्त रेडिओची कळ तबकडीवर हवी. स्पीकरच उलटा वापरला की तो माईक होतो, असं नाना म्हणत. निदान व्हायला हवा होता. प्रत्यक्षात त्यातून आजवर फक्त गुणगुण आली होती, मधमाश्यांचं मोहोळ उठावं तशी. नानांनी मात्र हिंमत न हारता प्रत्येक खटक्याच्या दोन बाजूंना तांबड्या रंगानं लिहून टाकलं होतं. एकीकडे ‘बोलती’, दुसरीकडे ‘ऐकती’.

मी कला शाखेचा. मला एवढंच समजलं की बोलती म्हणजे पेटी बोलते, ऐकती म्हणजे बोलत नाही. दोन्ही तशी खरीच होती.

सुमनताई बालवाडीत शिकवायच्या. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, माझ्या इंग्रजीच्या वह्या तपासायच्या आणि चूक सापडली की ती नानांच्या माईकवर जाहीर करायची धमकी द्यायच्या. त्यांची दोन स्थळं बोलणी होऊन मोडली होती. मुलीत खोट नव्हती. पाहुणे चहा पीत असताना न्हाणीच्या दारानं बाजारभाव सांगितले होते आणि दुसऱ्या खेपेला नानांनी वरपित्यालाच विचारलं होतं, “बठ्ठा बसनात का?” जळगावात बोललं जात होतं की पोरगी सोन्यासारखी, पण बापाच्या डोक्यातली वायर ढिली आहे.

म्हणून धुळ्याचं स्थळ आलं तेव्हा अक्कांनी फर्मान काढलं. “आज एकही पेटी बोलली, तर मी भाच्याकडे भडगावला निघून जाईन. कायमची.”

“शनाईनी एक तबकडी?” नानांनी लहान मुलासारखं विचारलं.

“एक. हळू. आणि ती संपली की बंद.”

मला काम असं दिलं होतं की माझी खोली झाडून पाहुण्यांना आपसात बोलायला मोकळी ठेवायची आणि उशीवरची पेटी तोंड उघडणार नाही हे बघायचं. अक्कांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “भाऊ, हे जमलं नाही तर पुढचं स्थळ येणार नाही. तू शिकलेला आहेस, तूच सांभाळ.” शिकलेला म्हटल्यावर माझी छाती फुगली. मी वर गेलो, पेटीवर टॉवेल टाकला आणि जास्तीची खबरदारी म्हणून खटका ‘बोलती’वरून ‘ऐकती’वर केला.

धुळ्याहून तिघं आले. मुलगा, त्याचे वडील आणि मामा. मुलगा बरा दिसायला, पण सबंध वेळ मामाच्या तोंडाकडे बघत होता. सुमनताईंनी पोहे दिले. सनई हळू वाजत होती, नाना हात मांडीखाली दाबून बसले होते, म्हणजे ते रेडिओकडे जाणार नाहीत. सगळं इतकं छान चाललं होतं की शेठजी मुद्दाम डोकावून “भला घर है, भला घर है” असं म्हणून गेले. मग मामा म्हणाले, “आम्ही जरा आपसात बोलून घेतो.” मी त्यांना वर पोहोचवून खाली आलो.

तबकडी संपली. सुई खरखरली. नानांनी ती उचलून ठेवली आणि रेडिओ बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात बैठकीतल्या शांततेत माजघराच्या पेटीतून मामांचा आवाज आला.

“मुलगी ठीक आहे. घर बघितलं का दाजी? दोन मजली. एकुलती आहे.”

अक्कांच्या हातातली बशी तशीच राहिली. स्वयंपाकघरातून तोच आवाज, जिन्याखालून तोच, न्हाणीतून तोच.

“पण बाप?” हा वरपित्याचा आवाज. “तो माणूस भिंतीशी बोलतो म्हणतात.”

“त्याला काय, त्याच्याच वायरीत गुंडाळून ठेवू एका खोलीत. आत्ता काही मागायचं नाही. सगळं हो हो म्हणायचं. हळद लागली की मग घर नावावर मागायचं. हळद लागल्यावर कोणता बाप नाही म्हणतो?”

“मामा, पण मुलीला...” हा मुलगा असावा.

“तू गप.”

मी नानांकडे बघितलं. मला वाटलं होतं की ते रागानं थरथरत असतील. नाना थरथरत होतेच. पण त्यांचे डोळे चमकत होते. एक बोट उंच धरून ते कुजबुजले, “आवाज कसा स्वच्छ वना, दखा! गुनगुन भी नही!” आणि नंतर, सावकाश, काय ऐकलं ते त्यांच्यापर्यंत पोहोचलं. बोट खाली आलं. त्या चेहऱ्याचं वर्णन मला आजही करता येत नाही.

सुमनताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. पदर खोचलेला, हातात झारा. माझ्याजवळ येऊन अगदी शांतपणे त्यांनी विचारलं, “वरचा खटका ऐकतीवर आहे ना? जा, बोलतीवर कर. टॉवेल काढ.”

मी जिना चढलो. खोलीत तिघं दचकले. मी “माफ करा, पेटी” एवढंच म्हणालो, टॉवेल ओढला, खटका फिरवला. पेटीतून आधी फूंऽ आलं. मग बालवाडीतल्या मुलांना रांगेत उभं करतात तो आवाज.

“माडीवरील पाहुण्यांना विनंती. आपले बोलणे सर्व पेट्यांवर स्पष्ट ऐकू आले. हळदीला अवकाश आहे, म्हणून आत्ताच सांगते. मुलीकडून नकार आहे. जाताना चहा घेऊन जावे. जिन्यात खाली वाकावे, तिथे एक कर्णा आहे.”

मामा घाईत वाकायला विसरले. तो टणत्कारही सगळ्या पेट्यांवर ऐकू गेला असता, पण खटका मी फिरवला होता.

संध्याकाळी मी नानांपुढे उभा राहिलो. दुपारचं जेवलो नव्हतो. म्हटलं, “नाना, चूक माझी. ऐकती म्हणजे काय ते मला कळलं नाही. ताईंचं लग्न माझ्यामुळे मोडलं.”

नाना एका जोडाला डाग देत होते. आतून अक्कांचा आवाज येत होता. त्या रडत म्हणत होत्या, “पोरीला डाग लागला. आता कोण करील?”

“तू चुकना नही,” नाना म्हणाले. “ऐकती म्हंजे पेटी ऐकस. मान्सं नही.” मग डागणी बाजूला ठेवून ते पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्याशी तंबूबद्दल नीट बोलले. ऑपरेटरच्या केबिनमध्ये यंत्राचा इतका खडखडाट की बाहेरचं काही ऐकू येत नसे. पडद्यावर विदूषक पडायचा, बाहेर हजार माणसं हसायची, आणि नानांना भिंतीच्या भोकातून नुसती उघडलेली तोंडं दिसायची. “बावीस वरीस,” ते म्हणाले. “मी बठ्ठासले ऐकाडं. माले कोनी ऐकू वनं नही.” म्हणून एकदा त्यांनी एक स्पीकर तंबूत उलटा लावून पाहिला होता. तेव्हाही गुणगुणच आली होती.

मग आतल्या रडण्याकडे मान वळवून, वितळलेल्या कथलाचा थेंब फुंकत ते मोठ्यानं म्हणाले, “आनि डागनं म्हनशी, तर डाग देल्याबिगर जोड पक्का व्हस नही, हाई ध्यानमा ठेव!”

आतलं रडणं थांबलं. मग अक्का म्हणाल्या, “ह्या माणसाच्या तोंडाला कोणी खटका लावा रे.”

त्या वर्षी माझा निकाल लागला. तिसरा वर्ग. बाबा गावाहून आले होते, ज्वारीचं पोतं घेऊन, आणि माझ्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. एकदम उशीवरची पेटी म्हणाली, “सभ्य स्त्रीपुरुषहो, आपल्या घरातील विद्यार्थी आता पदवीधर झालेला आहे.” बाबा ताडकन उठून उभे राहिले आणि त्यांनी पेटीला हात जोडले. मी नंतर नानांना विचारलं की वर्ग का नाही सांगितला. ते म्हणाले, “वर्ग तिकिटवर व्हस. पडदावर नही.” हा माणूस माझ्यावर हसला असता तरी चाललं असतं इतकं मी त्याचं देणं लागतो.

धुळ्याच्या स्थळाची गोष्ट वाऱ्यासारखी पसरली आणि वर्षभर खरोखरच कोणी आलं नाही. अक्का बारीक झाल्या. मग दीपनगरहून एक स्थळ आलं. मुलगा तिथल्या वीजकेंद्रात कामाला. सोबत फक्त आई. मी तेव्हा नोकरी शोधत अजून माडीवरच होतो.

या खेपेला सुमनताईंनी स्वतःच दोघांना माझ्या खोलीत नेलं. खटक्यावर बोट ठेवून सांगितलं, “ही बोलती, ही ऐकती. मी ऐकतीवर करते. खाली सगळ्यांना ऐकू येईल. आता बोला आपसात.” आणि त्या खाली आल्या.

आम्ही सगळे माजघराच्या पेटीखाली बसलो. गुणगुण येत होती, आज पुन्हा मोहोळ उठलं होतं. बाकी काहीच नाही. बराच वेळ. अक्कांनी डोळे मिटले. शेठजी पुटपुटले, “गयो.”

मग खुर्ची सरकल्याचा आवाज. कोणीतरी पेटीच्या अगदी जवळ आलं.

“नाना, आवाज येतो का? आईला मुलगी पसंत आहे. मला पण. मुलीला विचारा. आणि, ते, गुणगुण येत असेल ना खाली? अर्थिंग दिलेलं नाही तुम्ही. तांब्याची तार ओल्या जमिनीत पुरली की जाईल.”

नाना उठले. भोवती माणसं आहेत, वरची विहीण ऐकते आहे, काही भान नाही. दोन्ही हात वर करून ओरडले, “अक्का! जावई भेटी गया!”

सुमनताईंनी हो म्हणायला तरी दोन मिनिटं घेतली. ती त्यांनी मुद्दाम घेतली असं मला वाटतं.

लग्नात सासरे-जावयांनी मिळून मांडवात चौदा पेट्या जोडल्या. त्याबद्दल मी काही लिहीत नाही, कारण मंगलाष्टकं कोणालाच ऐकू आली नाहीत.

मी धुळ्याला शिक्षक म्हणून लागलो. दिवाळीत जळगावला गेलो, तेव्हा अक्का घाईघाईनं सांगू लागल्या. लेकीच्या घरी, दीपनगरच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात, जावयानं पाच पेट्या लावल्या होत्या. नाना स्वतः जाऊन डाग देऊन आले होते. महिनाभर सुमननं सोसलं. मग एका सकाळी भाजी चिरता चिरता उठली आणि स्वयंपाकघरातल्या पेटीची वायर विळीवर कापून टाकली. सिरीज. सगळं घर मुकं. जावई अर्धी दाढी करून बाहेर आला, सासू माळ हातात घेऊन आली. सुमन म्हणाली, “मी घरात आहे तेव्हा आधी मी बोलेन. नंतर रेडिओ.” आणि परत भाजी चिरायला बसली.

“मी तर घाबरलेच,” अक्का म्हणाल्या. “म्हटलं, आता परत पाठवतात पोरीला.”

“मग नाना काय म्हणाले?”

नाना देवळीपाशी, माझ्याकडे पाठ करून, रेडिओमागचं फडकं ओलं करत होते. वळले नाहीत. पण आठही पेट्यांतून, न्हाणीतून, जिन्याखालून, धाब्यावरून, मला त्यांचा आवाज आला. माईक कधी सुरू केला होता, देव जाणे.

“बसनी,” नाना म्हणाले. “मन्ही पोर बसनी.”